कोटाची पाठ

ट्रेमध्ये कापसाचे सोळा बोळे होते, मेणाच्या तीन वड्या, दोन रंगांच्या पावडरी, एक कंगवा आणि एक फोटो. फोटोतल्या बाबांचे गाल भरलेले होते. टेबलावरच्या बाबांचे नव्हते. शवागारात मृतांचे चेहरे नीटनेटके करणाऱ्या बाईंनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि समोर उभ्या मुलाला विचारलं, “फोटो किती जुना?”

“दीड वर्ष.”

“कवळी आणलीत? ती बसवली की निम्मं काम आपोआप होतं.”

“मोडली.”

“कधी?”

“झाले आठ-नऊ महिने.”

“मग जेवत काय होते?”

“पातळच काहीतरी. नाहीतर चहात बिस्कीट बुडवून.”

तो फरशीकडे बघत होता. दातांचा दवाखाना त्याच्या ऑफिसच्या रस्त्यावरच होता. दर सोमवारी तो ठरवायचा, या आठवड्यात बाबांना घेऊन जायचं. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

“धाकटी बहीण येतेय, तासाभरात,” तो म्हणाला. “तिला जरा भरलेले दिसू देत. दर रविवारी ती फोन करायची. मी सांगायचो, मजेत आहेत, दोन वेळ जेवतात. माझ्याकडे पाठव म्हणायची, तर मीच नको म्हणायचो.”

“का बरं?”

“लोक म्हणाले असते, मुलाला बाप जड झाला.”

बाईंनी हातमोजे चढवले. काम करताना मृतांशी बोलायची त्यांना सवय होती. “चला काका, तोंड उघडा,” त्या म्हणाल्या. “एवढा घास घ्याच.” मग त्यांना मुलगा तिथे असल्याचं आठवलं आणि त्या गप्प झाल्या. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

उजव्या गालात सात बोळे गेले, डाव्यात आठ. कानशिलांच्या खळग्यांत मेण बसलं, वर पावडर. अर्ध्या तासात फोटोतले बाबा टेबलावर आले.

कोट मात्र बसेना. बहीण शिवणकाम करायची, तिचं स्वतःचं दुकान होतं. हा कोट तिने दोनच महिन्यांपूर्वी शिवून पाठवला होता. फोनवर तिने माप विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “जुनंच धर गं. बाबा आहेत तसेच आहेत.” बाबांनी तो एकदाही अंगात घातला नव्हता. आता तो खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं, पाठीकडचं कापड मधोमध दुमडून टाचण्या लावल्या आणि पुन्हा उताणं केलं. कोट अंगाबरोबर बसला. “समोरून कुणाला कळत नाही.”

बहीण आली ती खांद्यावरची बॅगही न उतरवता टेबलापाशी गेली. बराच वेळ बघत राहिली.

“किती छान दिसतायत,” ती म्हणाली. “मी उगाच घोर लावून घ्यायची, दादा. रात्र रात्र झोप यायची नाही. तू होतास म्हणून.”

तिने त्याचा हात धरला. त्याला तो सोडवूनही घेता येईना.

मग तिने बाबांचा कोट हाताने सारखा केला. कॉलरपाशी तिची बोटं थांबली. कॉलर मानेपासून थोडी उचललेली होती.

“अशी कशी राहील?” ती स्वतःशीच म्हणाली. “माझी कॉलर कधी उभी राहत नाही.”

“राहू दे ना,” तो म्हणाला. “आता काय त्याचं.”

पण तिचा हात खांद्याखालून पाठीकडे गेला होता. तो तिथेच राहिला. तिने भावाकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं.

“जरा कुशीवर घ्याल?”

बाईंनी मुलाकडे एकदा पाहिलं. त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं. बहिणीने पर्समधून मोजायची टेप काढली, दुमडलेल्या कापडाला लावली, आणि दुकानात वहीत लिहून घेणाऱ्या मुलीला सांगावं तसं मोठ्याने म्हणाली, “सव्वाआठ इंच.”