गाडीचं खरं वजन

भंगाराच्या यार्डातल्या वजनकाट्यावर गाडी चढली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. स्वप्निलने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, पुन्हा एकदा ओढून बघितला. शेजारी कस्तुरी होती, मागच्या सीटवर नऊ वर्षांची जुई. कुणीही उतरायचं नाही, असं त्याने घरून निघतानाच बजावलं होतं. गाडी प्रवासाला जाईल तशीच, माणसं आणि सामानासकट तोलायची होती.

इचिकावातल्या या यार्डाच्या म्हाताऱ्या जपानी मालकाला, ओकुबो-सानना, तीन वेळा फोन करून त्याने ही वेळ मिळवली होती. दहा वाजता भाड्याची कॅराव्हॅन ताब्यात घ्यायची, गाडीमागे जोडायची आणि कोबेच्या पुढे समुद्राकाठी तिच्यातच चार दिवस राहायचं, असा बेत होता. गाडीच्या कागदावर वजन लिहिलेलं होतं, पण ते रिकाम्या गाडीचं. त्यावर त्याचा विश्वास नव्हता. गाडी जास्त भरली तर उतारावर मागची कॅराव्हॅन डोलायला लागते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, आणि तेव्हापासून रोज ऑफिसातून आला की तो आधी पार्किंगमध्येच जायचा. टायरची हवा, मागचा हूक, टपावरचा कॅरियर.

त्याच्या अंदाजाने वजन अठराशे दहा किलो भरायला हवं होतं. अठराशे पंचवीसपर्यंत चाललं असतं. ओकुबो-साननी केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आकडा सांगितला. एकोणीसशे.

स्वप्निलने गाडी मागे घेतली, परत काट्यावर आणली. एकोणीसशेच.

चार दिवसांच्या कपड्यांचं एवढं वजन होतं का, असं त्याने कस्तुरीला विचारलं. ती समोरच्या लोखंडाच्या ढिगाकडे बघत राहिली. तो उतरला आणि त्याने डिकी उघडली.

वरच्या दोन बॅगा त्यानेच ठेवल्या होत्या. त्याखाली कस्तुरीने चटई अंथरली होती. ती त्याने उचलली. खाली राइस कुकर होता. पोळपाट-लाटणं होतं, पुस्तकांचे दोन जड खोके होते, जुईचं शाळेचं लाल दप्तर होतं. आणि हवा काढून चपट्या केलेल्या पिशव्यांत थंडीचे कोट. ऑगस्ट चालू होता. एक कोट कस्तुरीचा, एक जुईचा. त्याने सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या, उलटसुलट करून पाहिल्या. त्याचा कोट कुठेच नव्हता.

कस्तुरी उतरून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने खालच्या आवाजात सांगितलं, की कोबेच्या एका शाळेत तिला पूर्णवेळ नोकरी लागली आहे. एक तारखेला हजर व्हायचं आहे. जुईचा प्रवेशही तिथेच झाला आहे. चार दिवस झाल्यावर त्या दोघी इचिकावाला परतणार नव्हत्या.

"कधी सांगणार होतीस?"

"तीनदा सांगायला आले होते. तिन्ही वेळा तू गाडीखाली होतास."

त्याला एक वेळ आठवली. तिचे पाय दिसले होते, सपाता दिसल्या होत्या. आत्ता नको, ट्रिप होऊ दे, असं तो म्हणाला होता. ती काय सांगायला आली होती ते त्याने नंतरही विचारलं नव्हतं.

त्याने मागच्या सीटवरच्या जुईकडे पाहिलं. तुला माहीत होतं का, असं विचारलं. जुईने मान वर केली नाही.

"शित्तेता," ती जपानीत म्हणाली. माहीत होतं.

यार्डाच्या फाटकातून एक ट्रक आत आला आणि काट्याजवळ येऊन थांबला. ओकुबो-साननी हात जोडून, पुनःपुन्हा वाकून, गाडी बाजूला घेण्याची विनंती केली. स्वप्निल सामान परत भरायला लागला. खोके तळाशी, चाकांच्या वर बसवले. कोट त्यांच्या कडेला खोचले. दप्तर चेपू नये म्हणून सगळ्यात वर ठेवलं. सामान नीट बसलं. डिकी लावून तो वळला, तर कस्तुरी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली. लायसन्स तिलाही मिळालं होतं, पण या गाडीचं चाक तिने आजवर हातात घेतलं नव्हतं.

तिने गाडी हळू काट्यावरून उतरवली आणि फाटकापाशी थांबवली. तो तिथेच उभा होता. काट्याच्या लोखंडी पत्र्यावर आता एकटाच. इथून स्टेशन वीस मिनिटांवर होतं. घरी जाता आलं असतं.

डावीकडचं दार आतून उघडलं गेलं.

तो चालत गेला, दाराशी वाकला. कॅराव्हॅनचं काय करायचं, एवढंच त्याला सुचलं.

"राहू दे ती," कस्तुरी म्हणाली. "कोबेला सात तास लागतात. बसायचं असेल तर बस. पण मध्ये टायर बघायला उतरायचं नाही."