बाबाला सांग

पुनमला तहान लागली की ती आधी तिसरं माणूस शोधायची. आज अंगणवाडीत तिनं शेजारच्या लेकराचा हात ओढला आणि म्हणाली, "ताईला सांग, पाणी पाहिजे." शिवकांताताई तिच्या समोरच बसल्या होत्या.

"लई मोठी साहेबीण हाय तुमची लेक," पुनमला न्यायला आलेल्या तिच्या आईला, राजकन्येला, त्या म्हणाल्या. "शिपाई लागतो तिला!"

राजकन्याही हसली. अर्धापूरच्या बाजारातून घराकडं वळेपर्यंत ते हसू टिकलं नाही. तीन वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. जे सारखं कानावर पडतं, त्यातला साचा लेकरं न सांगता उचलतात.

दुसरं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून राजकन्या आणि तिचा नवरा अंगद एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण असं झालंच नव्हतं. त्या बाळाविषयी आधी कुणी बोलायचं, ते राहून गेलं. मग बाकीचं बोलणंही थांबलं. पुनमला तेव्हा नुकते शब्द फुटले होते. घरातलं सगळं तिच्यामार्फत जाऊ लागलं.

लातूरच्या एका लॅबमध्ये राजकन्येला नोकरी मिळत होती. पुनमला घेऊन जायचं, हे तिनं मनाशी कधीच ठरवलं होतं. पण ते लेकराच्या तोंडून सांगता येत नव्हतं, आणि नवऱ्याला सरळ सांगायची सवय मोडली होती.

संध्याकाळी अंगद केळीची गाडी भरून घरी आला. हातपाय धुऊन भिंतीला टेकला.

"पुनम, आईला सांग, भूक लागली."

राजकन्या भाकरी थापत होती. पुनम तिच्याकडं वळलीच नाही. बापाकडं बघत, आईच्याच सपाट आवाजात तिनं उत्तर दिलं, "बाबाला सांग, बसा म्हणावं. वाढते."

अंगद येऊन पाटावर बसला. राजकन्येनं तोंडही उघडलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तव्यावरची भाकरी करपली. राजकन्येनं गॅस बंद केला. मधे बसलेल्या पुनमला उचलून बाजूला ठेवलं आणि स्वतः अंगदसमोर बसली.

"ऐका."

अंगदनं सवयीनं पुनमकडं पाहिलं.

"तिकडं नको, इकडं बघा," राजकन्या म्हणाली. "मी पुनमला घेऊन लातूरला चालले. अडवायचं असंल तर मला सांगा. तिला न्हाई."