चार दिवसांचं ग्रीस

"ग्रीस लावायचं नाही, प्रसादभाई," शेठ फोनवर म्हणाले. "साच्यांवर नुसता तेलाचा स्प्रे मारून ठेवा. आणि लोकांना सांगा, चार दिवस बंद. फक्त चार दिवस."

प्रसाद फोन कानाला लावून केबिनच्या काचेतून खाली बघत होता. खाली सगळी मशिनं चालू होती. साचे उघडत होते, मिटत होते आणि शर्ट टांगायचे काळे हँगर टोपल्यांत पडत होते. हे हँगर सिल्वासातून तिरुपूरला जात, तिथे शर्टांत शिरत आणि शर्टांबरोबर अमेरिकेला जात. आता अमेरिकेने आयातकर वाढवला होता. शर्टांच्या ऑर्डरी थांबल्या, मग नुसत्या हँगरला कोण विचारतो? त्यात कच्चं तेल महागलं, म्हणून प्लास्टिकचा दाणाही चढलेला. ज्यांनी हे सगळं घडवलं त्यांना सिल्वासा नकाशावर दाखवता आलं नसतं. मशीन बंद करायचं बटण मात्र इथे होतं आणि ते प्रसादने दाबायचं होतं.

"सहा महिने तरी बंद राहणार, शेठ. साचे गंजतील. इथली हवा तुम्हाला माहीत आहे."

"गंज घासून काढता येतो. माणसं कुठून काढू?" शेठांचा आवाज जराही चढला नव्हता. "लॉकडाऊननंतर काय झालं, विसरलात? ऑर्डर तयार, मशीन तयार आणि ऑपरेटर गावाला. सहा महिने म्हटलं तर उद्या एक माणूस थांबणार नाही. ग्रीस दिसलं की त्यांना कळतं. मी पण मशीनवर उभा राहिलेला माणूस आहे, भाई."

शेठांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच प्रसादला जाचत होतं. साच्याला ग्रीस फासलं की ते पुसून काढण्यात अख्खी पाळी जाते. म्हणून थोड्या दिवसांच्या बंदला ग्रीसच्या डब्याला कोणी हात लावत नाही. ग्रीस म्हणजे लांबचा मुक्काम, हे इथल्या कुठल्याही ऑपरेटरला सांगावं लागत नाही.

दुपारी मशिनं थांबली. प्रसादने सगळ्यांना गोळा करून चार दिवसांचं सांगितलं. माणसं एकमेकांकडे बघत बाहेर गेली. गोकुळ तेवढा रेंगाळला. तो नंदुरबारकडचा, इथला सगळ्यात जुना ऑपरेटर. बंदच्या आधी साच्यांची देखभाल त्याच्याकडेच असे.

"सायेब, एक इचारू का? इथं जवळच सामरवरणीला खोली बघेल शे. कावेरी उद्या गुड्डीचा शाळेतून दाखला काढतेय. मंग दोघी इथंच येतील. काढू देऊ ना दाखला?"

कावेरी म्हणजे त्याची बायको आणि गुड्डी मुलगी, गावाकडच्या शाळेत चौथीतली. दाखला निघाला, इथे आली आणि बापाला काम नाही, म्हणजे पोर ना तिकडची ना इकडची. प्रसादला हे सगळं एका क्षणात दिसलं.

"चारच दिवस आहेत, गोकुळ," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला ऐकवेना.

"मंग बरं." गोकुळ मोकळं हसला. स्प्रेचा डबा उचलून खळखळ हलवत तो पहिल्या मशीनकडे निघाला.

प्रसादची मुलगी नाशिकला शिकत होती. तिचा दाखला काढायची वेळ आली असती तर त्याने शेठांना दहा वेळा खोदून विचारलं असतं, आणि उत्तर खरं मिळावं अशी अपेक्षाही केली असती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"गोकुळ."

"हां सायेब?"

"स्प्रे राहू दे. ग्रीस लाव."

गोकुळच्या हातातला डबा हलायचा थांबला. "चार दिवसांला ग्रीस?"

"हो."

त्याने साच्यांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. मग त्याने हळूच विचारलं, "जाड का पातळ?"

प्रसादने नजर चुकवली नाही. निदान एवढं तरी आपण करावं, असं त्याला वाटलं.

"जाड," तो म्हणाला.

गोकुळने मान हलवली. स्प्रे जागेवर ठेवला आणि फोन घेऊन दारात गेला. "ऱ्हाऊ दे तठेच," प्रसादला ऐकू आलं. "दाखला काढू नको. नही, काही झालं नही." परत येऊन त्याने बाह्या वर सारल्या आणि ग्रीसचा डबा उघडला. ब्रश त्याने घेतलाच नाही. कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घालून, लहान पोराला तेल चोळावं तसा त्याने एकेक साचा चोळला.

संध्याकाळी दोघे बरोबरच बाहेर पडले. शेठांना काय सांगायचं ते उद्या बघू, असं प्रसादने ठरवलं होतं. हात धुवायचा नळ गेटजवळ होता. पाळीची माणसं अजून तिथेच उभी होती. कोणाचाच पाय निघत नव्हता.

"गोकुळभाऊ," पॅकिंगवाल्या झुंबरने विचारलं, "तू सायेबाजवळ होतास. खरं सांग, किती दिवस?"

गोकुळने प्रसादकडे बघितलंही नाही. "चार दिवस," तो म्हणाला. "सायेबानी सांगितलं ना सगळ्यांला."

कोणी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे बघत होते ते त्याच्या हातांकडे. कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले हात तो कपड्यांना लागू नयेत म्हणून अंगापासून लांब धरून उभा होता.

झुंबरने पुढे होऊन त्याच्यासाठी नळ सोडला.