पाच सेकंदांची उसंत

“मावशी, प्रश्न विचारल्यावर तू सेकंदभरही थांबत नाहीस, लगेच पुढचीला उठवतेस,” नगरा या हिंदी बोलणाऱ्या वस्तीतला माझा वर्ग पाहायला आलेली भाची म्हणाली. ती शिकवण्यावर संशोधन करते. “पाच सेकंद थांबलीस, तर मागे बसणाऱ्या मुलीसुद्धा बोलतात. आम्ही मोजलंय. कीर्तनात बुवा प्रश्न टाकून झांज विरेपर्यंत थांबतात, तेव्हा तर डोलतेस!” तिने स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, “आधे का आधा कितना?” स्टॉपवॉच सुरू केलं आणि मनात रामनाम घेत थांबले. चौथ्या सेकंदाला रामकली उठली. ‘मंदबुद्धी’ लिहून मीच तिला पुन्हा पाचवीत बसवलं होतं. “चौथाई, बहनजी.” “शाबास! कब सीखा?” “पिछले साल भी आता था. आप आगे बढ़ जाती थीं. तो फेल क्यों किया?” आणखी पाच सेकंद सरले. स्टॉपवॉच चालूच होतं. रामकली माझ्या उत्तरासाठी थांबली होती.