डावी बाजू

कंपनीच्या माणसाला नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवायला एक निरोगी बाई हवी होती, आणि तपासणीच्या वेळेत दवाखान्यात निरोगी बाई मिळणं अवघडच. म्हणून मावशींना पलंगावर झोपायला सांगण्यात आलं.

मावशी सोनोग्राफीच्या खोलीत एकोणीस वर्षं कामाला होत्या. पुरुष डॉक्टर बाईमाणसाला तपासत असतील तर खोलीत दुसरी बाई हजर हवी असा नियम होता, आणि तो नियम म्हणजे मावशी. आज नियमच आडवा झाल्यावर उभं कुणाला करायचं, हे कुणाला सुचलं नाही. दार नुसतं लोटून घेतलं.

टाळायचा प्रयत्न त्यांनी केला होता. मी काय दाखवणार डोंबल, गुदगुल्या होतात, बाहेर पेशंट ताटकळलेत. मोठे डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटांचं काम, लाजताय काय मावशी. पाच मिनिटांच्या कामाला नाही म्हणायला कारण लागतं. मावशींकडे एकच कारण होतं आणि ते डाव्या काखेत होतं.

छातीतली गाठ त्यांना आठ महिन्यांपासून ठाऊक होती, काखेतली दोन महिन्यांपासून. तपासली नव्हती तोवर ती नुसती गाठ होती.

त्यामुळे झोपतानाच त्यांनी तत्परतेने उजवा हात डोक्यावर घेतला.

कंपनीचा माणूस इलास्टोग्राफीची महती गाऊ लागला. बोटांना कळत नाही ते हे यंत्र सांगतं, आतला भाग किती कडक आहे ते. स्तनाचा कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का, याचा अंदाज सुई न टोचता येतो. मऊ ते निळं, कडक ते लाल.

"मग आमच्या अधीक्षकांना लावून बघू," डॉक्टर म्हणाले. "पडदा लालेलाल होईल."

गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसतात तेवढा तो माणूस हसला. मावशी जरा जास्तच हसल्या.

उजवी काख निळी आली, शाळेच्या गणवेशासारखी. डॉक्टरांनी जांभई दिली आणि आपलं जुनं यंत्र काय वाईट आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. गिऱ्हाईक हातचं निसटतंय हे ओळखून त्या माणसाने मावशींना दुसरी बाजू दाखवायला सांगितलं. तुलनेसाठी.

मावशी म्हणाल्या, तो खांदा धरलाय, हात वर जात नाही. सकाळीच त्यांनी त्या हाताने वरच्या फळीवरून चादरींचा गठ्ठा काढला होता, तोही डॉक्टरांदेखत.

"जेवढा जाईल तेवढा चालेल," माणूस अदबीने म्हणाला. विक्रीच्या धंद्यात नकार ऐकू येत नाही.

जेल गार होतं. पडद्यावर एक गोल गाठ आली आणि या काठापासून त्या काठापर्यंत लाल झाली.

अकरा दवाखान्यांत निळं दाखवून तो माणूस कंटाळला होता. "साहेब, बघा," तो म्हणाला, "काय सुंदर आलंय!" मग ही काख कुणाची आहे ते त्याच्या लक्षात आलं. कधी कधी चुकतं यंत्र, तो पुटपुटला. त्याने ते बंद करून पुन्हा चालू केलं आणि पुन्हा लावलं. या वेळी आणखी लाल आलं. यंत्र खरोखरच चांगलं होतं.

डॉक्टरांनी त्याच्या हातून प्रोब घेतला आणि काखेतून हळूहळू खाली छातीकडे नेला. एका जागी थांबले.

"किती दिवसांपासून?"

"काय?" मावशी म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उद्याच सुई घालून तपासून घेऊ म्हणाले. मग यंत्राकडे बघत म्हणाले, "लवकर लक्षात आलं, हे बरं झालं."

हे वाक्य मावशींनी हातात टॉवेल घेऊन, शेजारी उभं राहून किती वेळा ऐकलं होतं याला गणती नव्हती. खरोखर लवकर असलं की साहेब बाईकडे बघून बोलत. बाकीच्यांशी यंत्राकडे बघून.

त्यांनी अंग पुसलं, कपडे सारखे केले आणि बदलायला म्हणून चादर ओढली.

"राहू द्या, मावशी," डॉक्टर म्हणाले. "मी घालतो."

एवढ्या वर्षांत साहेबांनी चादरीला हात लावला नव्हता. मावशींची उरलीसुरली शंकाही फिटली.

कंपनीच्या माणसाने हलक्या आवाजात विचारलं, कागदपत्रं ठेवून जाऊ का. डॉक्टरांनी मान हलवली. यंत्र घ्यायचं ठरलं.

मावशी बाहेर आल्या. बाकावर पहिल्या नंबरची बाई फाइल पोटाशी धरून बसली होती. त्यांना बघून ती अर्धवट उठली.

"मावशी, दुखतं का हो?"

"छे," मावशी म्हणाल्या. "कळतसुद्धा नाही."

बाईचा जीव भांड्यात पडला.