पाच शून्यं

“पुन्हा वाच, ताई. हळू.”

संजीवनीनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून आकडा वाचला. आठ, शून्य, दोन, मग शून्य, शून्य, शून्य, शून्य.

“दोनच्या पुढं पाच शून्यं पायजे,” प्रज्वल म्हणाला.

तिनं परत मोजली. चारच होती. एकोणीस दिवसांपूर्वी तिनंच तो आकडा टाइप केला होता, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत.

प्रज्वल तेवीस वर्षांचा. स्नायूंचा आजार पायांपासून वर सरकत आला होता. मान, जीभ आणि उजव्या हाताचं एक बोट, एवढंच त्याच्या ताब्यात उरलं होतं. अशात या पठ्ठ्यानं तीन वर्षं खपून अमडापुरात बसून एक कर्नल लिहिला, म्हणजे संगणकाची सगळी यंत्रणा ज्यावर उभी राहते तो गाभा. आधी स्वतः टाइप करायचा. मग तो सांगायचा आणि मराठीत बी.ए. झालेली ताई, काही न कळता, टाइप करायची.

कर्नल चालवायला खरं यंत्र घरात नव्हतं. लॅपटॉपच्या आतच एक लुटुपुटीचं यंत्र मांडलं होतं, त्यात तसंच लुटुपुटीचं फर्मवेअर. या फर्मवेअरनं आधी जागं व्हायचं, ठरल्या पत्त्यावर जायचं आणि तिथं निजलेल्या कर्नलला उठवायचं. एकोणीस दिवस ते बिचारं इमानेइतबारे चुकीच्या पत्त्यावर जात होतं आणि पडदा तिथंच गप्प होत होता. दोघं भलतीकडेच चूक शोधत बसले होते.

संजीवनीनं पाचवं शून्य घातलं.

या वेळी ओळी थांबल्या नाहीत. भराभरा वर सरकत गेल्या आणि शेवटी एकच उरली: ‘तयार आहे. कळ दाबा.’

“उठला,” प्रज्वल म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

त्यांची आई, अन्नपूर्णाबाई, दारात विकायला मांडलेल्या मेथीच्या जुड्या टाकून, मातीच्या हातांनीच आत आल्या. नारळ त्यांनी तीन आठवड्यांपासून आणून ठेवला होता. या घरात नवं यंत्र सुरू व्हायचं ते ज्याचं त्याच्याच हातानं. विहिरीवर मोटर बसली तेव्हा ती सहा वर्षांच्या प्रज्वलच्या नावानं घेतलेली. वडिलांनी त्याला उचलून धरलं आणि त्यानं हिरवं बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबलं होतं. तीच रीत त्यानं कर्नलमध्ये लिहून ठेवली होती. सगळं जागं होईल, पण कळ दाबल्याशिवाय पुढं जाणार नाही.

संजीवनीनं त्याचा हात उचलून कीबोर्डावर ठेवला, बोट कळीवर टेकवलं.

तिघंही बोटाकडे बघत राहिले. प्रज्वलच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठली. बोट होतं तसंच होतं.

ताईला बोलवायचं तर तो याच बोटानं उशाजवळची बशी वाजवायचा. गेल्या सोमवारपासून बशी वाजली नव्हती. तो हाक मारत होता. घरात हे तिघांनाही कळलं होतं, आणि तिघांनीही ते बोलायचं टाळलं होतं.

“मी वरून हात ठेवू का, बाबू?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. “उलसाक. जरासाच.”

“नको, माय. मंग ते तुहं होईन.”

त्यांनी पुढं केलेला हात पदरात घेतला.

संजीवनीला केव्हाचं एक विचारायचं होतं. ते विचारलं नसतं तर तिला त्या खोलीत बसवलं नसतं.

“ते शून्य माह्याकून राह्यलं नसतं, तं?”

खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

“तं दाबलं असतं,” तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी मेथीचा भाव विचारत होतं. कुणी उठलं नाही.

“बंद करू?” संजीवनीनं विचारलं.

“राहू दे. चार्जर लाव.”

तिनं चार्जर लावला. त्याचा हात मात्र कळीवरून उचलायला तिचा हात धजेना.