हातभर अंतर

"पुन्हा," लेक म्हणाली. "आणि या वेळी माझा खांदा धरायचा नाही."

कारखानदार दोन पावलं मागे गेला. साठीला टेकलेला माणूस, पण हात कसा मिळवायचा हे आज नव्याने शिकत होता. शिकवणी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगांमध्येच चालली होती. शिकवणीपुरती लेक मोठ्या कंपनीची साहेब झाली होती आणि साहेबाला शोभेल इतकं आंबट तोंडही तिने केलं होतं.

त्याने उजवा हात पुढे केला. सवयीने डावाही उठला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो निमूट खाली गेला.

सवय जुनी होती. गिऱ्हाईक असो की टेम्पोवाला, कारखानदार त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि बोलता बोलता जवळ सरकायचा. एक कागदवाला तर मागे हटत हटत कपाटाला टेकला होता, आणि सुटका व्हावी म्हणून भाव उतरवून गेला होता. लेकीला हा किस्सा पाठ होता. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

आजची गोष्ट वेगळी होती. त्या मोठ्या कंपनीची खोक्यांची ऑर्डर मिळाली नाही तर पुढच्या महिन्यात कारखान्याला कुलूप आणि आठ कामगार घरी. साहेबांच्या कचेरीतून पत्र आलं होतं: भेट वीस मिनिटांची, बोलणं फक्त कामाचं.

"म्हणजे घरचं काही काढायचं नाही," लेकीने बजावलं. "तब्येत नाही, मुलंबाळं नाही. हातभर अंतर ठेवायचं. पाठीवर थाप तर मुळीच नको."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"ते नाही विचारणार, बाबा."

हे ती इतक्या हळू बोलली की त्याने विषय तिथेच सोडला.

गाडी अकराच्या ठोक्याला आली. साहेब उंच होते, पन्नाशीचे, कपड्यांना कडक इस्त्री. कारखान्याचं दार बुटकं होतं. नवा माणूस तिथे हमखास कपाळमोक्ष करून घेई. साहेब मान वाकवून सरळ आत आले आणि कुणाला न विचारता डावीकडच्या खोलीकडे वळले.

कारखानदाराने एकच हात पुढे केला, मिळवला, सोडला. साहेबांचा तळवा बर्फासारखा गार होता. लेकीने दुरूनच मान हलवून शंभरपैकी शंभर दिले.

मग कामाचं बोलणं झालं. पुठ्ठा किती पदरी, ओल लागली तर किती तग धरतो, महिन्याला किती खोकी निघतील. कारखानदाराने विचारलं तेवढंच सांगितलं, फुशारकी मारली नाही. साहेबांनी एक खोकं उचललं, त्याच्या कोपऱ्यात अंगठा दाबला, कानाशी धरून टिचकी मारली. माल असा पारखणारी माणसं आता फार उरली नव्हती. कारखानदार त्या अंगठ्याकडे पाहत राहिला, मग त्याने नजर खिडकीबाहेर वळवली.

अठराव्या मिनिटाला साहेबांनी करारावर सही केली. ऑर्डर वर्षभराची होती. बातमी भिंतीपलीकडे कशी पोचली कोण जाणे, पण कापायचं यंत्र एकदम दुप्पट जोराने धडधडायला लागलं.

निरोपाला दोघे उभे राहिले. कारखानदाराने शिकवल्याबरहुकूम हात मिळवला आणि लगेच सैल केला.

साहेबांनी सोडला नाही. बाहेर त्यांच्या चालकाने गाडी सुरू केली होती. घड्याळात वीस मिनिटं झाली, एकवीस झाली.

"दादा," साहेब म्हणाले, "मी घर सोडल्यापासून आईने कधी माझं नाव तरी काढलं का रे?"